एका बाईच्या पाच नळ्या

मी चिडले की फार व्यवस्थित वागते. आवाज चढवत नाही, दार आपटत नाही, फक्त कागद गोळा करते. २०३६ सालच्या जानेवारीत मी असेच कागद गोळा केले, पुण्याहून सकाळी सहालाच गाडी काढली आणि माणदेशाच्या रस्त्याला लागले. पिशवीत सगळ्यात वर एक पत्र होतं. लवटेवस्ती उपकेंद्रातल्या परिचारिका छाया मेटकरी यांना फसवणुकीच्या कारणावरून कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझी सही होती: डॉ. उत्तरा केळुसकर, चाचणीपेटी प्रकल्प.

पेटी माझी. म्हणजे सरकारची, पण तिच्यातलं डोकं माझं आणि माझ्या सात सहकाऱ्यांचं. अकरा वर्षं आम्ही तिच्यामागे घालवली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने बायका मरतात त्या बहुतेकदा औषध नाही म्हणून नव्हे, तर वेळेवर कुणी बघितलं नाही म्हणून. बघायचं तर डॉक्टरीण हवी, टेबल हवं, पडदा हवा, आणि त्या टेबलावर चढायची बाईची तयारी हवी. आम्ही हे सगळं वगळलं. बाईने आडोशाला जायचं, मऊ कापसाची काडी स्वतःच आत फिरवायची, नळीत बुडवून झाकण लावायचं आणि नळी नर्सच्या हातात द्यायची. जेवणाच्या डब्याएवढी पेटी पाऊण तासात निकाल देते. वीज नसली तरी चालते, धूळ खाऊनही चालते. मी आयुष्यात काहीतरी उपयोगाचं केलं, असं माझ्या आईला पहिल्यांदा वाटलं ते या पेटीमुळे.

या पेटीला मी एक नियम शिकवला होता. नमुन्यात हा कर्करोग घडवणारा विषाणू असो वा नसो, त्या बाईच्या स्वतःच्या पेशी येतातच. त्यांतल्या चोवीस ओळखखुणा पेटी वाचते. त्यावरून नाव कळत नाही, पण दोन नळ्या एकाच अंगातल्या असतील तर ते लगेच कळतं. आकडे फुगवायला एखादी नर्स स्वतःच्याच नमुन्याने दहा नळ्या भरेल, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. म्हणून एकाच बाईच्या दोनपेक्षा जास्त नळ्या दिसल्या की सगळ्या बाद. निकाल दाखवायचाच नाही, आणि नर्सच्या नावापुढे लाल खूण करायची. छाया मेटकरीच्या नावापुढे ती ऑक्टोबरात पडली होती. नावं पाच, नळ्या पाच, बाई एक.

आदल्या दिवशी पुराव्याचा कागद छापायचा म्हणून मी त्या बाद नळ्यांची आतली नोंद उघडली, आणि माझा राग जरासा लटपटला. पाचही नळ्यांत या विषाणूची सगळ्यात वाईट जात होती. नुसता विषाणू असता तर मी घाबरले नसते. तो बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येतो आणि सर्दीसारखा निघूनही जातो. थोड्याजणींत मात्र तो मुक्काम ठोकतो. मग वर्षानुवर्षं पेशींच्या जनुकांवर बारीक रासायनिक चिठ्ठ्या चिकटत जातात; हे बंद करा, ते बंद करा, असं सांगणाऱ्या. वाढीला लगाम घालणारी जनुकं अशी एकेक करून बंद पडली की पेशी हाताबाहेर जातात. पेटी या चिठ्ठ्या मोजते. शंभर जागांपैकी पाच-दहा जागी चिठ्ठ्या असल्या तर वर्षभराने पुन्हा बघायचं. या नळ्यांत एक्क्याण्णव जागी होत्या. ज्या कुणाचा हा नमुना होता ती बाई कर्करोगाच्या उंबऱ्यावर उभी होती, आणि गेले अडीच महिने तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली की ती छाया मेटकरीच असणार. फसवायला गेली आणि स्वतःच सापडली. गाडी चालवताना मला तिची कीव येत होती, पण राग काही जात नव्हता.

उपकेंद्र दोन खोल्यांचं होतं. छाया चाळिशी ओलांडलेली, काटक, एका बाळाच्या मांडीवर लस टोचत होती. बाळाचं रडणं संपेपर्यंत तिने मला थांबवलं. मग पत्र वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

"मॅडम, नळ्या मी भरल्या नाहीत."

"पाचही नळ्यांत एकच बाई आहे."

"पेटी म्हणतीय तर असंल. पण मी भरल्या नाहीत. बसा जरा."

ती आतल्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांनी एक नळी घेऊन आली. "ही माझी. घाला आणि ताडून बघा."

पुढचा पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब पाऊण तास असेल. तिने भांडावं, रडावं, वर ओळख आहे म्हणून धमकी द्यावी, अशी माझी फार इच्छा होती. तिने मला चहा दिला, एका गरोदर मुलीचं वजन केलं आणि वही लिहीत बसली. पेटी वाजली. खुणा जुळत नव्हत्या. बाद नळ्यांतली बाई दुसरीच कुणीतरी होती.

माझं चुकलं, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. ते म्हणायला मला संध्याकाळ लागली.

"काय निघालंय त्यात?" छायाने विचारलं. पत्राबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

मी सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"कोकऱ्यांच्या वाड्यातल्या पाचजणी त्या," ती म्हणाली. "पेटीनं मला नुसतं 'नमुने बाद, पुन्हा घ्या' एवढंच दाखवलं. तोवर वाडा निघून गेला होता. म्हटलं, जूनला परत आले की घेऊ." आणि पुन्हा स्वतःशीच म्हणाली, "जूनला."

मेंढपाळांचा वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची एकत्र मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, असा सगळा फिरता संसार. दिवाळीला ते माळ सोडतात, पाण्याकडच्या मुलखात खतासाठी शेतोशेती मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडाला घरी येतात.

"फोन लावा की त्यांना," मी म्हणाले.

"फोन आण्णांकडं असतो, वाड्याचे म्होरके ते. आणि काय सांगू? तुमच्यातल्या एकीला आजार हाय, पण कुणाला ते ठाऊक नाही? नळ्या देताना मी शब्द दिलाय मॅडम, जे निघेल ते जिचं तिलाच सांगणार, आणि तोंडासमोर." तिने आण्णांना फोन लावला तो फक्त तळ कुठे आहे ते विचारायला. मग पेटी आणि तपासणीची हत्यारं पिशवीत भरली आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

वाटेत तिने सांगितलं की ती स्वतः असल्याच एका वाड्यात जन्मली. चार वर्षांची होईपर्यंत मुक्काम हलला की तिला घोड्यावर बांधत. एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला ही. "कोंबड्या जास्त ओरडायच्या," ती म्हणाली.

कृष्णाकाठी ऊस तुटलेल्या एका रानात तळ होता. पुरुष मेंढरं घेऊन चरायला गेले होते. म्हातारे आण्णा झाडाखाली दोर वळत होते आणि बायका चुलीपाशी होत्या. माझ्या जिभेवर प्रश्न नुसता उड्या मारत होता, पण छाया सरळ चुलीपुढे बसली, परातीतलं पीठ ओढलं आणि भाकऱ्या थापू लागली. नऊ भाकऱ्या झाल्यावर आण्णा जेवून पुन्हा झाडाखाली गेले. मग तिने पाचही जणींना पालात बोलावलं.

"मला खरं सांगा. मी रागवायची न्हाई. दिवाळीच्या आधी नळ्या दिल्या, त्या कुणी भरल्या?"

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. चोरी पकडली गेल्याचं काही चेहऱ्यावर नव्हतं. असलं काय विचारतेस, असं होतं. आण्णांची सून बायडा म्हणाली, "लंकानं. दुसरं कोण भरणार? त्या दिशी तळावर लंका हुती. आमी चौघी मेंढरं धुवाय वढ्याला गेलतो."

"सगळ्यांच्या तिनेच भरल्या?" मी विचारलं.

"मग? तळावर जी ऱ्हाती ती समद्यांचं बघती. पाणी एकीनं आणायचं, भाकरी एकीनं करायची. नळ्या बी तिनंच दिल्या."

लंका कोकरे कडेला बसली होती. चव्वेचाळीस वर्षांची, उंच, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. ती जरा अभिमानानेच म्हणाली, "नीट दिल्यात म्याडम. चितरात दावलंय तसं धा येळा फिरवून. पाच डाव केलं. कट्टाळा न्हाई केला."

ते मला माहीत होतं. इतके स्वच्छ नमुने आमच्याकडे क्वचित येतात. मी अकरा वर्षं बसून माणसांच्या सगळ्या लबाड्यांचा विचार केला होता आणि हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी नोकरी करते त्या जगात दुसऱ्याचं काम कुणी अंगावर घेत नाही, म्हणून मला फक्त फसवणूक सुचली. मला त्या पालात स्वतःची लाज वाटली.

छायाने बाकीच्या चौघींना एकेक नवी नळी दिली आणि ही मात्र जिची तिनेच द्यायची, असं दोनदा बजावलं. चौघी खिदळत आडोशाला गेल्या. लंकाला तिने थांबवून घेतलं, समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मग तपासलं. छोट्या कॅमेऱ्यातून दिसणारा पांढरा डाग तिने मलाही दाखवला. असा डाग वरवरचा असला की छायाकडची बॅटरीवरची सळई मिनिटभरात तो जाळून टाकते, भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. लंकाचा डाग गर्भाशयाच्या वाटेने आत शिरला होता. तिथे सळई पोचत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन तेवढा भाग शंकूसारखा कापून काढावा लागणार होता, आणि त्यानंतर चार आठवडे जड उचलायचं नाही.

"पिशवी काढत्यात का?"

"न्हाई. तेवढाच तुकडा."

"चार हप्ते." लंकाने मान हलवली. "मग न्हाई जमायचं. जूनला घरी गेल्याव करू."

"का?" मी विचारलं.

"वाड्यात ज्या घराचा हात न्हाई, त्याची मेंढरं समद्यांच्या खांडात ऱ्हात न्हाईत. माझ्या घरात मी एकलीच हात. अडतीस मेंढरं हाईत. मी गेले की येगळी काढायची. मग ती वळायची कुणी? इकावी लागत्याल. मेंढरं गेल्याव मी कुटं जाऊ?"

अशा वेळी मी आकड्यांकडे धावते. तसंच केलं. सांगितलं की आमच्या नोंदींमध्ये एवढ्या चिठ्ठ्या असलेल्या ज्या बायका सहा महिने थांबल्या, त्यांच्यातल्या पाचात दोघींना कर्करोग झाला.

लंकाने मनातल्या मनात हिशेब केला. "म्हंजी तिगी वाचल्या की."

गणित बरोबर होतं.

छाया पुढे सरकली. "लंका, पाच बायका न्हाईत. तू एकटीच हाईस. नळ्या तू पाच दिल्यास, पण अंग तुझं एकच हाय."

लंका हलक्या आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटतंय गं छाया." छायाने तिचा हात धरला आणि भीती वाटू नये असं काहीही सांगितलं नाही.

पाल कापडाचं. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. बायडाने आत डोकं घातलं, लंकाकडे बघितलं आणि तशीच झाडाखाली गेली. आम्ही मागोमाग गेलो. सासऱ्यापुढे ती पदर ओढून, तोंड बाजूला करून उभी राहिली, पण आवाज खणखणीत होता.

"आण्णा, लंका म्हैनाभर दवाखान्यात चाललीया. तिची मेंढरं खांडातच ऱ्हात्यात."

आण्णांचा दोर थांबला. "आन् हात?"

"हाय."

"कुणाचा?"

"आमचा चौघींचा. तिच्या दिशी आमी आळीपाळीनं तळावर ऱ्हातो."

"बायडा, एका घराचा एक हात, असा रिवाज हाय," आण्णा शांतपणे म्हणाले. "आज तिच्यापायी मोडला, तर उद्या कुणी बी घरी बसंल. वाडा टिकंल का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मला उगाच आण्णांना वाईट ठरवायचंही नाही. त्या रिवाजावरच एवढी माणसं आणि जनावरं जगत होती.

"कुणी बी न्हाई बसणार," बायडा म्हणाली. "जिनं आमच्यापायी ते पाच डाव केलं, ती बसंल. तुमी केलं असतं का?"

छायाने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. आण्णांना 'ते' म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नसावं, पण अंदाज आला असावा. ते दूर बांधलेल्या घोड्याकडे बघू लागले.

"गाडी रस्त्याला हाय न्हवं?" शेवटी ते म्हणाले. "तितवर तिला घोड्याव बसवा. ढेकळातनं चालू नगंस म्हणावं."

एवढ्यात चौघींच्या नळ्या घातलेली पेटी वाजू लागली. चौघींतल्या तिघी स्वच्छ निघाल्या. चौथीला, शालनला, विषाणू होता, आणि तपासल्यावर दिसलेला डाग अगदी वरवर. छायाने तो तिथेच पालात सळईने जाळला. शालन बाहेर आली आणि एवढंच, असं म्हणत चुलीकडे गेली. माझी अकरा वर्षं त्या 'एवढंच'साठी गेली होती; मला इतका आनंद झाला की मी तिच्याकडून आणखी एक भाकरी मागून खाल्ली.

परतीच्या वाटेत लंका मागच्या सीटवर झोपली.

"छायाताई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलंच," छाया म्हणाली आणि खिडकीची काच वर केली.

चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. लंकाला घरी बघणारं कुणी नव्हतं, म्हणून छायाने तिला स्वतःच्या घरी आणून ठेवलं. तुकड्याचा अहवाल नवव्या दिवशी आला. फोन करता आला असता, पण मी गाडी काढली. तोंडासमोर सांगायचं असतं, हे मी शिकले होते.

लंका अंगणात उन्हाला बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी सांगितलं की कापलेल्या तुकड्यात कर्करोगाची सुरुवात सापडली, दोन मिलिमीटरची. ती सगळी निघाली, तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, आता वर्षाला तपासायचं. जूनपर्यंत थांबलो असतो तर हे इतक्यावर भागलं नसतं.

तिचे हात थांबले. ती रडली, आवाज न करता. मग डोळे पुसून सूप माझ्यापुढे सरकवलं. "खावा."

मला ते शेंगदाणे गोड लागेनात. मी तिला सगळं सांगून टाकलं. तुझा निकाल पेटीने ऑक्टोबरातच काढला होता. मी लिहिलेल्या नियमामुळे तो फेकला गेला. मी तुझ्यासाठी आलेच नव्हते, छायाची नोकरी घ्यायला आले होते. तो नियम मी दुसऱ्याच दिवशी बदलला, हेही सांगितलं. आता एका बाईच्या कितीही नळ्या येवोत, पेटी काही फेकत नाही. निकाल दाखवते आणि जाऊन विचारा म्हणते. ते सांगताना माझा आवाज थोडा फुशारकीचा झाला असावा.

लंकाने ऐकून घेतलं. "म्होरचं झालं," ती म्हणाली. "मागचं?"

"म्हणजे?"

"माझ्यागत आणिक किती जणींचं टाकलंय?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत पडला नव्हता. मी फोन काढला आणि बाद नमुन्यांचं पान उघडलं. तीन वर्षं, चार हजार उपकेंद्रं.

"एकशे सतरा ठिकाणचं," मी म्हणाले.

"त्यातलं उघडून बघितलं किती?"

"एक. तुझं."

लंकाने माझ्या पुढ्यातलं सूप उचलून बाजूला ठेवलं.

"मग हितं शेंगा खात काय बसलायसा, बाई? उठा की."

मी उठले. छाया चपला घालून फाटकापाशी उभीच होती.